लवणाऱ्या डोळ्याची कहाणी

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर लाभ, स्त्रीचा डावा लवला तर शुभवार्ता, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु जो डोळा दिवसभर लवतच राहतो, ज्याच्यापाठोपाठ गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागतो, त्याला शुभ कोण म्हणेल? झोपेतही हे आचके थांबत नाहीत. असा मनुष्य चारचौघांत जाणे टाळतो. मनाचा दुबळेपणा म्हणून त्याची बोळवण होते, हे दुःख निराळेच. म्हणून या विकाराच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

1875 मध्ये शुल्त्स या जर्मन वैद्याला अशा एका रुग्णाच्या शवविच्छेदनात आढळले की, मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला आलेला फुगा चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाबत होता. खूण मिळाली, पण तिचा माग काढण्यास पुढे बराच काळ गेला. दरम्यान शस्त्रवैद्य त्या मज्जातंतूतच मद्यार्क टोचीत किंवा तो अंशतः कापून टाकीत. आचके थांबत, पण चेहरा लुळा पडे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच तो प्रकार होता.

चित्र पालटले ते अमेरिकेत. क्लीव्हलंडच्या गार्डनर यांनी 1962 मध्ये प्रतिपादन केले की, हा विकार मज्जातंतूच्या कायमच्या नाशाचा नसून मागे फिरविता येण्याजोगा आहे. 1966 मध्ये लॉस एंजेलिस येथे पीटर जॅनेटा हा तरुण डॉक्टर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी विच्छेदन करीत होता. चेहऱ्याच्या संवेदनेचा मज्जातंतू मेंदूच्या देठाशी एका रक्तवाहिनीने दाबला गेलेला त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिला. हेच तत्त्व आचक्यांनाही लागू पडेल, असे मानून त्याने त्याच वर्षी तशी शस्त्रक्रिया केली. अनेक जाणत्यांना हे पटेना; जॅनेटा मात्र पुढे पिट्सबर्ग येथे वर्षानुवर्षे रुग्णांची नोंद ठेवीत राहिला.

कृती सांगावयास सोपी, करावयास कठीण. कानामागील हाडाला छोटे भोक पाडतात, लहान मेंदू हलकेच बाजूस सारतात, मज्जातंतूवर टेकलेली रोहिणी अलगद दूर करतात आणि दोहोंमध्ये टेफ्लॉनच्या धाग्यांचा बोळा ठेवतात. कापावयाचे काहीच नाही. केवळ दोघांची गाठ सोडवावयाची! मात्र ऐकण्याचा मज्जातंतू अगदी शेजारीच असतो, आणि खरा धोका तेथेच आहे.

1995 मध्ये जॅनेटा आणि सहकाऱ्यांनी 703 रुग्णांचा हिशेब मांडला. दहा वर्षांनंतर शेकडा 84 जणांना उत्तम गुण टिकला होता, शेकडा 7 जणांना अंशतः. याच हिशेबात एक मृत्यू होता, आणि शेकडा 2.6 वेळा त्या बाजूचा कान कायमचा बहिरा झाला होता, हेही त्यांनी लपविले नाही. शस्त्रक्रिया चालू असता श्रवणाच्या विद्युत्संदेशांवर लक्ष ठेवण्याची पद्धत पुढे आली, ती याच भयापोटी. ज्यांना हा धोका नको, त्यांच्यासाठी बोट्युलिनम विषाची सुई आहे; 1989 पासून अमेरिकेत तिला मान्यता आहे. पण तिचा गुण साधारण तीन महिने टिकतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहते.

सुई की शस्त्रक्रिया, हा निवाडा ज्याच्या त्याने आपल्या वैद्याच्या सल्ल्याने करावा. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच: एकेकाळी ज्याला मनाचा खेळ म्हटले, त्याचे मूळ बहुधा बोटभर रोहिणीच्या एका वळणात सापडले. दुःखिताला वेडा ठरविण्यापूर्वी जरा अधिक बारकाईने पाहावे, हा धडा केवळ वैद्यांनीच घ्यावयाचा आहे असे नाही.