कुलूप कुणासाठी?

संगणकाला पासवर्ड कशाला, असे विचारले तर आपण पटकन म्हणतो, चोरांसाठी. पण इतिहास चाळला तर दिसते की हे कुलूप आले ते शेजाऱ्यासाठी!

1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था करून दाखवली. त्याआधी आपले काम कार्डांवर भोके पाडून खिडकीत द्यायचे आणि उत्तरासाठी तासन् तास वाट बघायची, असा प्रकार होता. नव्या व्यवस्थेत एकच अवाढव्य यंत्र अनेकांना क्षण-क्षण वाटून दिले जाई. ज्याला त्याला वाटे, यंत्र माझेच. वाटून घेतले की भांडण आलेच, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. सगळ्यांचे कागद एकाच कपाटात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड दिला गेला.

आता गंमत पाहा. 1962 मध्ये तिथल्याच अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला नेमून दिलेला यंत्राचा वेळ पुरेना. त्याने काय करावे? सगळ्यांचे पासवर्ड ज्या फाइलमध्ये होते, ती छापून द्यावी असे कार्ड दिले, आणि यंत्राने ती निमूट छापून दिली! मग काय, दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू. गुपित त्याने पुढे कित्येक वर्षांनी स्वतःच सांगितले. मला या मुलाचा राग येत नाही. त्याला कुणाचे काही वाचायचे नव्हते, फक्त वेळ हवा होता. अभ्यासासाठी वेळ चोरणारा विद्यार्थी मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत भेटला नाही, हा भाग वेगळा.

त्याच एमआयटीत दुसरे टोकही होते. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या मंडळींनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस आयटीएस नावाची स्वतःची व्यवस्था बांधली आणि त्यात मुद्दाम कुलपेच ठेवली नाहीत. कुणीही कुणाची फाइल उघडावी, सुधारावी. यंत्र बंद पाडण्यात कुणाला पराक्रम वाटू नये म्हणून बंद पाडण्याची आज्ञाच सर्वांना देऊन ठेवलेली. आज्ञा हाताशी आहे म्हटल्यावर त्यातली मजाच गेली. ही युक्ती शाळेत चालली असती का? आठवीच्या वर्गात तरी नाही. ती मंडळी मोजकी होती, एकमेकांना ओळखत होती, म्हणून निभावले.

मधली वाट बेल लॅब्जमध्ये 1969 पासून घडत गेलेल्या युनिक्सने काढली. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि बाकीचे सगळे. प्रत्येकासाठी तीन प्रश्न: वाचता येईल का, लिहिता येईल का, चालवता येईल का. आमच्या भाषेत सांगायचे तर गुणांची वही. वर्गशिक्षकाने लिहावी, इतर शिक्षकांनी वाचावी, पोरांनी हात लावू नये. इतकी सोपी रचना, पण आजही असंख्य यंत्रांवर तीच चालते.

फक्त एक गोष्ट मला खटकते. या सगळ्यांच्या वर 'रूट' नावाचा एक असतो, त्याला कुठलेही कुलूप नाही. तो कुणाचेही वाचू शकतो, पुसू शकतो. मुख्याध्यापकांकडे सगळ्या किल्ल्या असत, पण त्यांच्यावरही संस्था होती, तपासणीला साहेब येत. रूटवर कोण? उत्तर साधे आहे, तो माणूस चांगला असावा लागतो. साठ वर्षांच्या एवढ्या हुशारीनंतरही!

आमच्या घरी ते पद नातवाकडे आहे. माझे खाते मर्यादित. मला स्वतःहून काही बसवता येत नाही. "आजोबा, तुम्ही काहीही क्लिक करता," असे त्याचे म्हणणे. मराठी टंकलेखनाचा एक नवा प्रोग्राम बसवायचा आहे, पण साहेब परीक्षेला पुण्यात. शनिवारी येतील.