इंदूर ते पुणे नक्की किती लांब?

मंडळी, या साध्या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. आकाशातून सरळ रेघ मारली तर साधारण ५०० किमी. सडकेने सेंधवा-धुळे करत गेलात तर ६०० च्या आसपास. आणि रेल्वेने ९५० च्या वर! जायचं दक्षिणेला, पण गाडी आधी निघते उत्तरेला. उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत, वसई, कल्याण अशी प्रदक्षिणा घालून मग पुणे.

आपल्या आजी-आजोबांचा रस्ता निराळा होता. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्यातून खंडवा-इंदूर मीटरगेज झाली. तीच आपली ‘छोटी लाईन’. १८७६ ला नर्मदेवरचा पूल खुला झाला, मग गाडी घाट चढून इंदुरात आली. (कालाकुंडचा कलाकंद खाल्लेले हात वर करा!) पुण्याला जायचं तर खंडव्याला उतरून ‘बडी लाईन’ पकडायची, मनमाडला परत बदली, मग दौंडवरून पुणे. बोजे, वळकट्या, दशम्यांचा डबा, पोरं, सगळं फलाटाफलाटावरून ओढत.

आजीचं माहेर सदाशिव पेठेतलं. १९५२ मध्ये तार आली, वडील अत्यवस्थ. आजोबांनी त्याच दिवशी तिला घेऊन गाडी गाठली. खंडव्याला पोहोचले तर पुढची गाडी निघून गेलेली, रात्र फलाटावरच काढली. वाड्याच्या दारात उतरली तेव्हा घरातली माणसं अस्थी सावडून परत येत होती. आजी हे सांगायची तेव्हा रडायची नाही. फक्त म्हणायची, “खंडव्याची ती रात्र काही सरतच नव्हती रे.”

आणि तेव्हा इंदुरात विमान होतं बरं का! बिजासन टेकडीजवळ विमानतळ करायचं संस्थानाने १९३५ मध्येच ठरवलं होतं, १९४८ पासून मुंबईला विमानं जात होती. पण मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात तो विचार तरी कुठून येणार?

दोन वर्षांपूर्वी पहाटे पुण्याहून आत्याचा फोन आला, काका गेले. मी दुपारी तिथे होतो, खांदाही दिला. वेळापत्रकात सव्वा तास लिहिलेला असतो. जेट ताशी ८०० किमीने उडतं, तेव्हा हिशेबाने ४० मिनिटं पुरायला हवीत. पण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं. धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, परत खाली येणं यातच निम्मा वेळ जातो. त्यात लोहगाव हवाई दलाचा तळ, म्हणजे कधी वरच घिरट्या. खरी गोष्ट अशी की ऐन वेळेचं तिकीट काढताना माझाही हात जरा थबकला होता. ज्याच्या खिशात तेवढे नसतात, त्याचं पुणे आजही स्लीपर बसच्या एका रात्रीइतकं लांब आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर नव्या मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किमी, खर्च १८,०३६ कोटी. म्हणजे मनमाड परत आपल्या वाटेवर येऊन राहिलंय, आणि या वेळी खंडव्याला न उतरता.

तुमच्या घरात खंडव्याच्या फलाटावर रात्र काढलेलं कुणी असेल तर त्यांना विचारून खाली जरूर लिहा.