वठलेल्या लाकडाची पालवी

‘गुरुचरित्रा’त माहूरचा दत्त क्षयाने खंगून गाणगापुरी मरतो आणि गुरुकृपेने उठून बसतो. पुढे नरहरी वठलेल्या औदुंबराच्या लाकडाला पाणी घालतो. लाकूड पालवते, त्याचे कुष्ठ जाते. रोगासोबत जगणे या कथांना ठाऊक नाही.

कुष्ठ हा त्वचेइतकाच मज्जातंतूंचा विकार. हॅन्सनला १८७३ मध्ये त्याचा जंतू दिसला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. जंतू मरतो, पण उपचाराला उशीर झाला तर गेलेली संवेदना सहसा परतत नाही. रोगमुक्त माणूस चुलीवरचे भांडे बधिर बोटांनी उचलतो आणि भाजल्याचे डोळ्यांनी पाहून ओळखतो. कुष्ठरुग्णांना वेगळे कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळला गेला २०१९ मध्ये. औषधानंतर, लक्षात घ्या, अडतीस वर्षांनी.