रुंद लाकडी फळ्यांची जमीन करायचीय? आधी खालची ओल तपासा

घराच्या इंटिरिअरचे रील्स बघताना एक गोष्ट हमखास दिसते: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या रुंद, लांबलचक लाकडी फळ्यांची जमीन. बारामती-इंदापूर पट्ट्यात नवा बंगला बांधणाऱ्यांनाही तिची भुरळ पडते. पण यातले बरेच रील्स थंड देशांतल्या घरांचे असतात. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे परिसराची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठाक होते. पावसाळ्यात तीच हवा दमट होते. त्यात अनेक ठिकाणी पायाखाली काळी माती आणि शेजारी उसाला सोडलेलं पाणी.

मग अशी जमीन इथे टिकते का? टिकते, पण लाकूड कोणतं, ते कोणत्या मजल्यावर आणि खाली ओल किती, हे आधी बघावं लागतं.

‘वाइड प्लँक’ म्हणजे नेमकं काय?

साधारण पाच इंचांपेक्षा (१२५ मिमी) रुंद फळीला ‘वाइड प्लँक’ म्हणतात. सध्या सात ते नऊ इंची फळ्यांना मागणी जास्त आहे. मात्र दुकानात ‘वूडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू मिळतात:

- सॉलिड: अखंड लाकडाची फळी, साधारण १८ ते २० मिमी जाड.
- इंजिनिअर्ड: वर खऱ्या लाकडाचा २ ते ६ मिमीचा थर, खाली प्लायसारखे आडवे-उभे चिकटवलेले थर.
- लॅमिनेट: लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि पारदर्शक कडक थर.
- एसपीसी किंवा विनाइल: प्लास्टिक किंवा दगडाची पूड मिसळलेलं प्लास्टिक. यात लाकूड अजिबात नसतं.

ओळखायचं कसं? फळीची कापलेली कड बघा. वरच्या रेषा कडेवरही उतरलेल्या दिसल्या तर लाकूड खरं. वेगवेगळ्या फळ्यांवर तीच गाठ त्याच जागी दिसली तर तो छापील कागद. बिलावर चौघांपैकी नेमकं नाव लिहून घ्या, नुसतं ‘वूडन’ नको.

रुंद फळी जास्त त्रास का देते?

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. ओल घेतली की ते रुंदीत फुगतं, सोडली की आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

एक हिशोब करू. बारा फूट रुंदीची खोली आहे आणि सागाच्या नेहमीच्या पद्धतीनं चिरलेल्या फळ्या आहेत. लाकडातली ओल ४ टक्क्यांनी घटली, तर मोकळ्या फळ्या मिळून साधारण २७ मिमी आकसतात. फळी ७५ मिमीची असेल तर ही घट ४८ फळ्यांत वाटली जाते आणि प्रत्येक सांध्यात अर्ध्या मिमीची फट पडते, जी सहसा नजरेत येत नाही. फळी १८० मिमीची असेल तर फळ्या फक्त २०. मग फट जाते १.३ मिमीवर आणि तिच्यात धूळ बसायला लागते.

हाच हिशोब परदेशी व्हाइट ओकला लावला तर फट सुमारे २.६ मिमी, म्हणजे सागाच्या जवळपास दुप्पट.

मग लाकूड कोणतं घ्यायचं?

साग हलतो कमी आणि त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याला लवकर लागत नाही. महाराष्ट्रात गडचिरोली-चंद्रपूरच्या सागाचं नाव आहे. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातूनच साग गेला होता. पण हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग वाळवी खाते. फळीत असे पट्टे जास्त असतील तर ती नाकारा.

फळीचं टोकही बघा. टोकावरच्या वलयांच्या रेषा उभ्या असतील तर ती फळी रुंदीत कमी हलते. रेषा आडव्या, कमानीसारख्या असतील तर जवळपास दुप्पट हलते. उभ्या रेषांची फळी महाग पडते, कारण ओंडका तसा चिरताना लाकूड जास्त वाया जातं.

रुंद फळीच हवी असेल तर इंजिनिअर्ड हा सुरक्षित पर्याय. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे हालचाल कमी होते. वरचा थर किमान ३-४ मिमी असेल तर पुढे कधीतरी घासून पुन्हा पॉलिश करता येतं. थर त्याहून पातळ असेल तर ती शक्यता जवळपास संपते.

काळी माती आणि खालून येणारी ओल

लाकडी जमीन बिघडली की दोष लाकडाला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा खाली असतं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि काँक्रीट स्पंजसारखं ते वर ओढतं. फळीचा तळ ओला आणि वरचा भाग कोरडा राहिला की कडा वर उचलल्या जातात, मधला भाग खोलगट होतो.

जुन्या वाड्यांत तळमजल्याला दगड किंवा शेणानं सारवलेली जमीन आणि माडीला लाकडी फळ्या, अशी वाटणी दिसते. माडीवरच्या लाकडाला मातीची ओल लागत नाही. आजच्या बंगल्यातही हाच न्याय लागू पडतो: वरच्या मजल्यावरची बेडरूम ही लाकडासाठी घरातली सगळ्यात चांगली जागा.

तळमजल्यावरच करायची असेल तर आधी एक सोपी चाचणी घ्या. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक काँक्रीटवर ठेवा, चारही कडा टेपनं घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसंच राहू द्या. प्लास्टिकखाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं, तर थांबा. थेंब दिसले नाहीत तरी मिस्त्रीकडून मीटरनं मोजून घ्या, कारण ही चाचणी फक्त वरवरची ओल दाखवते.

नवं काँक्रीट वाळायला इंचाला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. चार इंचांचा स्लॅब असेल तर चार महिने.

बसवताना काय बघायचं?

१. वेळ: पावसाळ्यात बसवली तर उन्हाळ्यात फटी पडतात. ऐन मे महिन्यात बसवली तर पावसात फळ्या फुगून एकमेकींना ढकलतात. दिवाळी ते होळी हा काळ बरा. प्लास्टर, रंग अशी सगळी ओली कामं त्याआधी संपलेली हवीत.

२. फळ्यांना सवय: सॉलिड फळ्या त्याच खोलीत, हवा खेळेल अशा रचून काही दिवस ठेवा. फळी आणि खालचं प्लाय यांच्या ओलीतला फरक मीटरवर २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

३. सपाटी: तीन मीटरची सरळ पट्टी फिरवून बघा. पाच मिमीपेक्षा जास्त उंचसखल असेल तर आधी जमीन सारखी करा.

४. खालचे थर: ओल अडवणारा थर, त्यावर प्लाय, त्यावर फळी. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघा. ते मरीन प्लाय असतं. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा शिक्का आहे.

५. भिंतीशी जागा: चारही बाजूंना १० ते १२ मिमी मोकळी सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही.

६. वाळवी: वाळवीचा बंदोबस्त फळ्या बसवण्याआधीच करा. त्यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे आणि त्यात बांधून झालेल्या घरांसाठी वेगळा भाग आहे.

फळ्या मागवताना मोजमापापेक्षा साधारण १० टक्के जास्त घ्या. काही कापण्यात जातात, उरलेल्या पुढच्या दुरुस्तीला उपयोगी पडतात.

रोजचा पोछा चालेल का?

बादलीभर पाण्यानं नाही. आधी झाडून धूळ-रेती काढा, कारण ओरखडे तिनेच पडतात. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा. फिनाइल किंवा ॲसिड टाळा. कडा उचलल्या तर लगेच घासून घेऊ नका. आधी ओल कुठून येतेय ते शोधा आणि जमीन वाळू द्या. ओली असताना कडा घासल्या तर वाळल्यावर फळी मध्यभागी फुगीर दिसते.

थोडक्यात

वरच्या मजल्यावरची खोली असेल तर सागाच्या अरुंद सॉलिड फळ्या किंवा रुंद इंजिनिअर्ड. कोरड्या तळमजल्यावर फक्त इंजिनिअर्ड, तेही चाचणीनंतर. स्वयंपाकघर, मोरी, मागचं दार अशा पाण्याच्या जागी शहाबादी फरशी, टाइल किंवा एसपीसी. आणि चाचणीत थेंब दिसले तर आधी ओलीचा बंदोबस्त करा, फळ्यांची ऑर्डर त्यानंतर द्या.