भरतीचे माप आणि माणसाचे माप



गावात सैन्यभरतीची बातमी आली की पोरं पहाटेच रस्त्यावर धावू लागतात. धावणं जमतं, उंची भरते, छातीही फुगते. मग डॉक्टर डोळे, कान, पाय तपासतात, मागच्या आजारांची चौकशी होते. वर्तणुकीचा दाखलाही लागतो. कुणाला लहानपणी फेपरं येत असे, कुणाच्या नावावर जुनी फौजदारी निघते. पोरगं माघारी येतं आणि पारावर कुणीतरी विचारतंच, "काय रे, नापास झालास?"

तपासणी हवी, यात वाद नाही. ज्याच्या हाती बंदूक द्यायची आणि ज्याच्या भरवशावर शेजारच्याने झोपायचे, तो माणूस पारखून घेतलाच पाहिजे. पण मागच्या दुखण्यावरून किंवा मागच्या चुकीवरून पुढचा माणूस कितपत ओळखता येतो? या प्रश्नाची फार मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत झाली.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली पुष्कळ सैनिक अंगावर जखम नसतानाही थरथर कापू लागले, काहींची वाचा गेली. इंग्रजांनी त्याला 'शेल शॉक' असे नाव दिले. युद्ध संपले तरी अशांचा सांभाळ सरकारला वर्षानुवर्षे करावा लागला. म्हणून १९४० साली अमेरिकेत सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, तेव्हा तिथल्या जाणत्यांनी ठरवले की कच्च्या मनाचा माणूस दारातच ओळखून परत पाठवायचा. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ या कामी सल्लागार होते.

बेत चांगला होता, पण दारात रांग केवढी! एकेका तरुणाच्या वाट्याला डॉक्टरांची कशीबशी दोन-चार मिनिटे येत. घाबरायला होतं का, मुली आवडतात का, असले चार प्रश्न विचारायचे आणि शिक्का मारायचा. आता बघा, आपण बैल घ्यायचा तरी दोन बाजार हिंडतो! युद्ध संपेपर्यंत सुमारे दीड कोटी तरुण तपासले गेले आणि त्यांतले साडेसतरा लाखांच्या आसपास मनाच्या किंवा स्वभावाच्या कारणावरून नाकारले गेले. त्यांना घरी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड द्यायचे होते.

एवढे चाळून घेतल्यावर आघाडीवर काय झाले? १९४३ साली ट्युनिशियाच्या लढाईत हेच निवडक सैनिक मोठ्या संख्येने मनाने खचू लागले. तेव्हा जनरल ब्रॅडली यांनी त्या एप्रिलात हुकूम काढला की अशा सैनिकाच्या कागदावर सुरुवातीला वेडाचा शब्द लिहू नका, नुसता 'थकवा' लिहा आणि आठवडाभर जवळच ठेवून घ्या. झोप, गरम जेवण आणि धीराचे दोन शब्द मिळाले की त्यांतले बरेच जण पुन्हा उभे राहत. सगळ्यांनाच हे पटले नव्हते, बरं का. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिसिलीत जनरल पॅटन यांनी इस्पितळातल्या अशा दोन सैनिकांना भित्रे म्हणून थपडा मारल्या. आयझेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली.

१९४६ साली अपेल आणि बीब या दोघांनी अभ्यासाअंती लिहिले की प्रत्यक्ष लढाईत २०० ते २४० दिवस काढले की धडधाकट पायदळ सैनिकही मोडकळीला येतो. पुढे आणखी एक हिशेब झाला. आधी मनाच्या कारणावरून नाकारलेले, पण नंतर भरती झालेले सुमारे दोन हजार जण शोधून काढले. त्यांच्यापैकी पाचांत चार जणांनी समाधानकारक नोकरी केली होती. मात्र मनाच्या दुखण्यामुळे सुटी द्यावी लागलेले त्यांच्यात इतरांहून जास्त होते, हेही सांगितले पाहिजे. चाळणी अगदीच खोटी नव्हती, पण तिच्यातून चांगले दाणेही फार खाली पडले.

आता कायद्याच्या डागाची गोष्ट. ती आपल्याच देशातली आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हिंदी फौज लढत होती. बोटी उतरवायला, रस्ते करायला माणसे पुरेनात. तेव्हा १९१६ पासून हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून कैद्यांची मजूरपथके तिकडे धाडली. असे सुमारे सोळा हजार कैदी गेले. कबूल केलेली नोकरी पुरी करा, उरलेली शिक्षा माफ, असा करार होता. सरकारला नड पडली आणि कालचा गुन्हेगार आज कामाचा ठरला!

म्हणजे भरतीचे माप हे सैन्याच्या त्या वेळच्या गरजेचे माप असते. ते सैन्याने लावावे आणि भरतीला जाणाऱ्याने मागचा आजार वा खटला न लपवता खरा तोच सांगावा, कारण लपवलेले दुखणे पुढे त्यालाही नडते आणि सोबत्यालाही. पण दारातून परत आलेल्या मुलाला तेच माप गावाने जन्मभर लावू नये. गुरुजी, असा मुलगा उद्या शाळेच्या ओट्यावर येऊन खाली मान घालून बसला, तर त्याला ही दोन हजारांची गोष्ट जरूर सांगा.