एक नदी, एकच गणित

३० मे १९४८ रोजी कोलंबिया नदीच्या पुराने रेल्वेचा भराव फुटला आणि अमेरिकेतील पोर्टलंडलगतची व्हॅनपोर्ट ही वस्ती एका दुपारी पाण्याखाली गेली. तूर्त धोका नाही, असे त्याच सकाळी रहिवाशांना कळवले होते. किमान १५ माणसे दगावली.

कोलंबियाचा उगम कॅनडात, मुख अमेरिकेत. तिचे खोरे सुमारे ६,७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कृष्णेच्या अडीचपट. कॅनडातील डोंगरांवरचे बर्फ वितळल्यावर खाली किती पाणी केव्हा पोहोचेल, हे हाताच्या आकडेमोडीने वेळेत सांगणे कठीण होते. १९५६ पासून पोर्टलंडच्याच लष्करी अभियंत्यांनी, डेव्हिड रॉकवुड यांच्या पुढाकाराने, हे काम संगणकावर घेतले. खोऱ्याचे लहान भाग पाडायचे. प्रत्येकात पाऊस किती पडला, बर्फ किती वितळले, जमिनीत किती मुरले, उरलेले किती वाहिले, हे मांडायचे. नदीचे पात्र म्हणजे जणू हौदांची रांग. एकातले पाणी थोडे रेंगाळून पुढच्यात उतरते.

पुढे १९६१ साली दोन्ही देशांचा करार झाला. १९६४ मध्ये तो अमलात आला. कॅनडाने तीन धरणे बांधायची. अमेरिकेने ६० वर्षांच्या पूरनियंत्रणापोटी ६ कोटी ४४ लाख डॉलर आणि खाली वाढणाऱ्या विजेचा निम्मा वाटा द्यायचा. त्यात ॲरो सरोवरांकाठच्या दोन हजारांहून अधिक माणसांची घरे गेली, हेही विसरता येत नाही. पण मला मोलाची वाटते ती करारातली एक साधी तरतूद: पाऊस, बर्फ आणि पाणी मोजण्याची केंद्रे दोघांनी मिळून ठरवायची व आकडे एकमेकांना द्यायचे.

२०१९ साली शिरोळ बुडाले, तसे चिक्कोडी, रायबाग, अथणीही बुडाले. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने सांगली-कोल्हापूरच्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. तरी वाद शमला नाही. कारण गणित बरोबर की चूक याआधी, ते कोणाचे, हा प्रश्न लोक विचारतात. कोयनेचा विसर्ग मराठीत सांगा की कन्नडमध्ये, घनफूट तेवढेच भरतात. पुराच्या दिवसांत दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांशी बोलतात, हे चांगलेच आहे. पण पाणी चढल्यावर फोन करणे वेगळे आणि दोघांनी मिळून मोजलेले, दोघांनाही मान्य असलेले गणित पावसाळ्याआधी हाताशी असणे वेगळे. त्याची गरज नदीच्या दोन्ही काठांना सारखीच आहे.