नारकोंडमचा धनेश

राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु राष्ट्रसभेच्या जन्माआधी बारा वर्षे, म्हणजे १८७३ मध्ये, याच गृहस्थाने धनेशाच्या एका अपरिचित जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

अंदमानच्या पूर्वेस सागरात एकाकी उभे असलेले नारकोंडम हे विझलेल्या ज्वालामुखीचे बेट. क्षेत्रफळ अवघे सात चौरस किलोमीटर. ‘नरककुंड’ यावरून हे नाव पडले असे म्हणतात. तसे असेल, तर ते आजही धुमसणाऱ्या बॅरन बेटालाच अधिक शोभले असते! हा धनेश जगात अन्यत्र कोठेही नाही. नराची मान तांबूस, मादीची काळी. शेपटी दोघांचीही शुभ्र. विणीच्या काळी मादी वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते आणि ठेवलेल्या फटीतून नर तिला उंबरवर्गातील फळे भरवितो. जुने वृक्ष नाहीत, तर बिऱ्हाडही नाही.

१९६९ मध्ये येथे पोलीसचौकी बसली, मागाहून बकऱ्या आल्या. १९७७ मध्ये बेट अभयारण्य ठरले; पण बकरीला राजपत्र कोठून वाचता येणार? कोवळी रोपे ती फस्त करीत राहिली. अखेर बकऱ्या हलविल्या गेल्या. पुढे तटरक्षक दलाच्या रडारची योजना पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये फेटाळली, आणि २०१४ मध्ये तीच मान्य झाली. २०१९-२० च्या पाहणीत पक्ष्यांची संख्या सुमारे एक हजार अंदाजिली गेली. संपूर्ण जात एवढीच.